पिवळ्याशेजारी हिरवा

मुलीचं लग्न ठरलं की आईबापांची झोप उडते ती पैशांच्या काळजीनं, असं मी ऐकून होते. माझी झोप उडवली ती दोन रंगांनी.

लेक पुण्याला नोकरी करते. एका रात्री तिचा फोन आला. "आई, हळदीची थीम पिवळी-हिरवी ठेवायची आहे. मी तुला पॅलेट पाठवते. त्याबाहेर जाऊ नकोस हं."

पॅलेट म्हणजे चित्रकाराच्या हातातली रंग कालवायची फळी, एवढंच मला ठाऊक. फोनवर आले ते पाच चौकोन. दोन पिवळे, दोन हिरवे आणि एक सायीच्या रंगाचा. पडदे, फुलं, रांगोळी, पाहुण्यांना द्यायच्या पिशव्या, सगळं म्हणे या पाच चौकोनांत बसलं पाहिजे.

"अगं, हळद पिवळी आणि चुडा हिरवा. ही थीम तुझ्या पणजीच्या लग्नातसुद्धा होती," मी हसून म्हणाले.

"मग तर सोपंच आहे. आणि घरातल्या सगळ्या बायकांच्या साड्याही यातल्याच. आजीचीसुद्धा."

शेवटच्या शब्दावर माझं हसू थांबलं. सासूबाईंच्या अंगावर पिवळं किंवा हिरवं काही पाहून बारा वर्षं झाली होती. मामंजी गेले त्या दिवसापासून त्यांच्या कपाटात राखाडी, मातकट आणि पांढऱ्यावर बारीक काळी बुट्टी, एवढेच रंग उरले होते. त्यांना तसं कुणी सांगितलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, "असं का?" म्हणून कुणी विचारलंही नव्हतं. मीही नाही.

आमचं घर कोहक्याला, म्हणजे भिलाईला. मामंजी मूळचे भंडारा जिल्ह्यातले. भिलाईच्या कारखान्यासाठी सोव्हिएत रशियाशी करार झाला १९५५ साली आणि राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली ती ४ फेब्रुवारी १९५९ रोजी. त्यानंतर काही वर्षांनी मामंजी तिथं कामाला लागले. नोकरीची सगळी वर्षं सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये गेली. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हा त्यांनी कोहक्याला हे घर बांधलं. भंडाऱ्याला परत का गेला नाहीत, असं कुणी विचारलं की म्हणत, "तिकडेही धान, इकडेही धान. मग सामान कशाला हलवायचं?"

सासूबाईंना रंगांची फार जाण. क्वार्टरमध्ये एका बाजूला बंगाली, दुसऱ्या बाजूला तेलुगू, समोर पंजाबी. कुणाचं विणकाम, कुणाची कांथा, कुणाची मुग्गू रांगोळी, सगळ्यांकडून थोडं थोडं उचलून त्यांनी आपलं काहीतरी केलं होतं. त्यांनी शिवलेल्या गोधड्या अजून आमच्या अंगावर आहेत. जुन्या लुगड्यांचे तुकडे, पण एक तुकडा दुसऱ्याच्या शेजारी असा बसलेला की कुणी हलवू म्हणता हलवू नये. मामंजी गेल्यावर त्यांनी गोधडी शिवायला घेतली नाही. डोळ्यांना दिसत नाही म्हणाल्या. आम्ही मान डोलावली.

लग्नाआधी घराला रंग काढायचं ठरलं होतंच. मी ठरवलं, हॉलपासूनच थीमला सुरुवात करू. दुकानातून शेडकार्ड आणलं, लेकीच्या चौकोनांशी ताडून पाहिलं आणि तीन भिंतींना लिंबाचा पिवळा अन् चौथ्या भिंतीला पोपटी निवडला. कार्डावर दोन्ही इतके गोड दिसत होते!

तीन दिवसांनी रंगारी शिडी आवरून गेला. संध्याकाळी हे घरी आले, दारातच थांबले आणि म्हणाले, "मीटरनं येणार की ठरवून?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. हॉलची अगदी दिल्लीची ऑटोरिक्षा झाली होती. ट्यूब लावली तर आणखीच पंचाईत. पिवळ्या भिंती आजारी दिसायला लागल्या आणि पोपटी भिंत अंगावर धावून आल्यासारखी वाटू लागली. मला रडूच यायचं बाकी होतं. रंगाऱ्याला दुसऱ्या दिवशी बोलावलं, तर त्यानं भिंतीला शेडकार्ड लावून दाखवलं. रंग तोच होता. त्याची काही चूक नव्हती.

सासूबाई आपल्या खोलीतून आल्या. काठी टेकवून हॉलच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि चारी भिंतींवरून सावकाश नजर फिरवली.

"रंग वाईट नाहीत," त्या म्हणाल्या. "शेजार वाईट आहे. दोघंही एकाच पट्टीत ओरडतायत."

"मग काय करू आई?"

"काही करू नकोस. उद्या भोजलीकडे नवे तांदूळ आणायला जायचंय ना? चल माझ्याबरोबर."

ही भोजली कोण, ते सांगायला हवं. छत्तीसगडात श्रावणात बायका टोपलीत माती घालून गहू पेरतात. टोपली घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवतात, हळदीचं पाणी शिंपडतात, रोज संध्याकाळी गाणी म्हणतात. राखीच्या दुसऱ्या दिवशी त्या टोपल्या डोक्यावर घेऊन मिरवणुकीनं तळ्यावर नेऊन शिरवतात. त्याआधी थोडी रोपं काढून घेतात आणि एकमेकींच्या कानामागे खोवतात. जिच्याशी अशी देवाणघेवाण झाली, ती जन्माची भोजली. मग तिला नावानं हाक मारायची नाही. भेटल्यावर "सीताराम भोजली" म्हणायचं. सख्ख्या बहिणीसारखं नातं, दोन्ही घरांनी पाळायचं. आपल्याकडे नवरात्रात घटाखाली धान्य पेरतात आणि दसऱ्याला ते पिवळे कोंब केसांत, टोपीत खोवतात, त्याचीच ही बहीण म्हणा ना.

सासूबाईंची भोजली मूळ कोहका गावातली. आम्ही राहायला आलो त्याच वर्षी दोघींनी एकमेकींच्या कानामागे भोजली खोवली. एक मराठीत बोलायची, दुसरी छत्तीसगढीत. सासूबाईंच्या त्या वयात नवी मैत्रीण मिळायला भाषेची अडचण आली नाही, याचं मला अजून नवल वाटतं. तिचं शेत शहर संपल्यावर, थोडं आत आहे.

दिवाळी आठ दिवसांवर आली होती. धान पिकायला आलं होतं. रिक्षातून उतरलो आणि सासूबाईंनी काठीनंच समोर दाखवलं. "हं, बघ आता. पिवळा किती आणि हिरवा किती?"

मी पाहिलं. समोर नजर पोचेल तिथवर पिवळा. पण तो लिंबाचा पिवळा नव्हे. मऊ, जरा तपकिरीकडे झुकलेला. हिरवा होता तो बांधावरच्या गवताचा, उशिरा लावलेल्या एका लहानशा बांधीचा आणि दूरच्या झाडांचा. झाडांचा हिरवा तर इतका गडद की काळाच म्हणावा. मधे बांधांची माती, वर पांढुरकं आभाळ.

"भांडतायत का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"का नाही?"

शाळेतल्या मुलीसारखी मी विचार करू लागले. मग त्यांनीच एकेक बोट मोडत सांगितलं. "एक म्हणजे, दोघांचं माप सारखं नाही. एक घरधनी आहे, दुसरा पाहुणा. दुसरं, एक फिका तर दुसरा गडद. तू दोघांनाही सारखंच उजळ ठेवलंस. तिसरं, मधे माती आहे. मातीवाचून हे दोघे शेजारी नांदत नाहीत."

मी घरी येऊन ते तीन मुद्दे वाण्याच्या यादीमागे लिहून ठेवले. पुढं उत्सुकता वाटली म्हणून वाचू लागले, तेव्हा कळलं की सासूबाईंनी बांधावर उभं राहून सांगितलेली गोष्ट समजायला फ्रान्समध्ये एका मोठ्या रसायनशास्त्रज्ञाला बरीच वर्षं घालवावी लागली होती. त्याचं नाव मिशेल शेव्रल. पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यात भिंतीवर लावायचे चित्रांचे गालिचे विणत. तिथल्या रंगशाळेचा तो १८२४ पासून प्रमुख होता. विणकरांची तक्रार होती की काळं सूत नीट रंगत नाही, निळ्या-जांभळ्याशेजारी ते मळकं दिसतं. शेव्रलनं सूत तपासलं, तर रंग पक्का निघाला. दोष सुताचा नव्हता, शेजाऱ्याचा होता. दोन रंग शेजारी आले की डोळा त्यांच्यातला फरक वाढवून दाखवतो, हे त्यानं ओळखलं आणि १८३९ साली त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. हा गृहस्थ १०२ वर्षं जगला. सासूबाई हे ऐकून म्हणाल्या, "रंगात राहिला म्हणून जगला असेल." बोलून गेल्या आणि मग उगाचच पदर सारखा करत बसल्या.

शेव्रलचा नियम आपल्या दोन रंगांना लावून पाहिला तर माझ्या हॉलचं दुखणं समजतं. हिरव्याशेजारी पिवळा ठेवला की तो किंचित नारिंगीकडे सरकल्यासारखा दिसतो आणि पिवळ्याशेजारचा हिरवा किंचित निळ्याकडे सरकतो. दोघं नात्यातले, इंद्रधनुष्यात एकमेकांना लागून उभे, पण जवळ आणले की जो तो आपलं वेगळेपण दाखवायला लागतो. जावाजावांसारखंच की! शिवाय आपल्या डोळ्याला उजेडात सगळ्यात जास्त जाणवतो तो याच दोघांच्या सीमेवरचा पोपटी. म्हणून तो एवढासा असला तरी नजर खेचतो आणि अख्ख्या भिंतीवर लावला की माणसाला बसू देत नाही.

ही सीमा तरी नेमकी कुठं आहे? टेनिसचा चेंडू पूर्वी पांढरा असायचा. दूरदर्शन संचावर तो नीट दिसावा म्हणून १९७२ साली पिवळ्या चेंडूला मान्यता मिळाली आणि विम्बल्डननं तो १९८६ मध्ये स्वीकारला. नियमात रंगाचं नाव पिवळा. पण आमच्या घरी मी एकदा सहज विचारलं, तर ह्यांनी पिवळा सांगितला, धाकट्यानं हिरवा सांगितला आणि जेवण संपेपर्यंत दोघं भांडत राहिले. सासूबाईंचा निकाल असा: "उन्हात पिवळा, सावलीत हिरवा. जेवा आता."

तर हॉल पुन्हा रंगवला. खर्च झाला, ह्यांचं बोलणंही खाल्लं. या वेळी आधी भिंतीवर दोन फूट लांबी-रुंदीचे तुकडे रंगवून घेतले आणि सकाळी, दुपारी, रात्री ट्यूबच्या उजेडात पाहिले. कार्डावरचा चिमुकला तुकडा मोठ्या भिंतीवर नेहमी जास्त भडक दिसतो, आणि पिवळा तर विशेषच. कारण समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर आपला रंग टाकतात आणि कोपऱ्यात तो आणखी दाट होतो. म्हणून जो पिवळा आवडला, त्याहून दोन घरं फिका घ्यावा. मी घेतला तो दुधात चिमूटभर हळद घातल्यासारखा. हिरवा भिंतीवरून अजिबात काढला आणि पडद्यांना दिला, मेंदीच्या पानाचा गडद. मधे सायीच्या रंगाची छताखालची पट्टी, लाकडाचा जुना पाट, दारापाशी गेरूनं सारवलेली मातीची कुंडी. आता ह्यांना रिक्षा आठवली नाही. ते काही न बोलता पेपर घेऊन बसले. नवऱ्याकडून एवढी पावती पुरे.

माझ्यासारख्या गोंधळलेल्या बहिणींसाठी दोन गोष्टी आणखी सांगते. पिवळ्यातही ऊब असलेला आणि गार असा भेद आहे. हळदीचा, झेंडूचा पिवळा असेल तर हिरवाही मेंदीचा, ऑलिव्हचा, म्हणजे तपकिरीकडे झुकणारा घ्यावा. पिवळा लिंबाचा असेल तर हिरवा पानवेलीचा, जरा निळसर चालतो. आणि कुठंतरी एक ठिपका कुंकवाचा हवा. लाल हा हिरव्याचा विरोधी रंग. तो चिमूटभर असला की बाकीचे दोघं नीट वागतात. आपल्या पूर्वजांनी हळदीशेजारी कुंकू ठेवलं ते काही उगाच नाही. आणि जुन्या पद्धतीचं कुंकू तरी काय, हळदीला चुन्याची निवळी लागली की होतं तेच. म्हणजे तो लालही हळदीच्या पोटातलाच.

हे सगळं जमलं. पण पाचव्या चौकोनापर्यंत पोचले तरी माझ्या मनातला खरा प्रश्न तसाच होता. सासूबाईंची साडी.

एक कबुली द्यायला हवी. मामंजी गेले त्या दिवशी सासूबाईंच्या हातातल्या हिरव्या बांगड्या ज्या बायकांनी उतरवल्या, त्यांच्यात मी होते. फोडल्या नाहीत, उतरवल्या. तेवढंच काय ते आपलं सुधारलेपण, असं तेव्हा वाटलं होतं. त्या बांगड्या मी रुमालात बांधून दोऱ्यांच्या डब्यात ठेवल्या. त्यानंतर दर संक्रांतीला घरी हळदीकुंकू केलं. बायका येत, मी एकेकीला हळदकुंकू लावत पुढं जाई. सासूबाई आधीच आपल्या खोलीत गेलेल्या असत. तिळगूळ मात्र त्यांनी केलेला असे. बारा संक्रांती मी तो दरवाजा बंद पाहिला आणि ठोठावला नाही.

२०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं ४ मे रोजी ठराव केला की गावात यापुढं विधवेचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. त्याच महिन्यात, १७ तारखेला, राज्य सरकारनंही सगळ्या ग्रामपंचायतींनी हा कित्ता गिरवावा असं परिपत्रक काढलं. बातमी मी सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवली होती. त्या निवडत असलेल्या तांदळातून खडा काढत म्हणाल्या, "गावानं चांगलं केलं हो. पण ठराव कागदावर होतो, बांगड्या हातात भराव्या लागतात." मी पेपरची घडी घातली. कुणाच्या हातानं भराव्या लागतात, हे त्या बोलल्या नव्हत्या. मला ऐकू मात्र आलं होतं.

लग्नाची खरेदी करायला आम्ही नागपूरला गेलो. माझी साडी झाली, जावेची झाली, व्याहिणींची झाली. शेवटी दुकानदारानं एक साडी उलगडली आणि मी थांबले. साडी पिवळी म्हणावी तर घडी हलवली की हिरवी. हिरवी म्हणावी तर उजेडाकडे धरली की पिवळी. धूपछाव. उभे धागे एका रंगाचे आणि आडवे दुसऱ्याचे असले की असं होतं. एकधोटी पैठणीत पूर्वीपासून हीच रीत आहे. ही काही पैठणी नव्हती, साधी, अंगाला हलकी. काठ बारीक, गेरूच्या रंगाचा. मला बांधावरची माती आठवली. "मातीवाचून हे दोघे शेजारी नांदत नाहीत." मी साडी बांधायला सांगितली.

घरी येऊन ती त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी चष्मा लावला, पदर उलटा करून विणकाम पाहिलं, दोन बोटांत धागा चोळून पाहिला. बारा वर्षांत एखाद्या कापडाकडे त्यांनी असं पाहिलं नव्हतं.

"कुणासाठी?"

"तुमच्यासाठी."

"मला कशाला आता हे?" साडी बाजूला सरकवली. पण हात तिच्यावरच राहिला होता. "लोक काय म्हणतील ते जाऊ दे गं. मलाच सवय राहिली नाही. बारा वर्षं म्हणजे काय थोडी?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. मी शेव्रलच्या कारखान्यातली आणखी एक गोष्ट सांगत बसले. हिरवा म्हणून वेगळा पक्का रंग जुन्या रंगाऱ्यांना वनस्पतीतून मिळत नसे. सूत पिवळ्यातही बुडवायचं आणि निळीतही, तेव्हा कुठं हिरवा. पण पिवळा उन्हानं आधी उडतो. म्हणून युरोपातल्या शेकडो वर्षांच्या जुन्या चित्रगालिच्यांत आज झाडांची पानं निळी दिसतात. हिरव्यातला पिवळा निघून गेला आणि नुसता निळा उरला.

सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आपल्याकडे हळदीचं कापड म्हणूनच सावलीत वाळवतात."

साडी त्यांनी परत दिली नाही. घेतलीही नाही. आठ दिवस ती खुर्चीवर तशीच घडी होऊन पडली होती.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात भोजली आली, नव्या चिवड्यासाठी पोहे घेऊन. ती स्वतः पंधरा वर्षांपूर्वीच विधवा झालेली. पण तिच्या हातात बांगड्या होत्या, काचेच्याच, दोन-दोन. खुर्चीवरची साडी तिनं उचलली, सासूबाईंच्या खांद्यावर टाकली आणि मागं सरून पाहिलं.

"पहिर ले भोजली. का होही?"

नेस गं, काय होणार आहे? इतकंच. मी आठ दिवस शब्द जुळवत होते, फ्रान्सपर्यंत जाऊन आले होते. तिनं चार शब्दांत विचारलं आणि खरोखरच त्या प्रश्नाला कुणाकडे उत्तर नव्हतं. काय होणार होतं?

चुडा भरायला बाई आल्या त्या दिवशी घर बायकांनी भरलं होतं. लेकीच्या हातात हिरव्या बांगड्या चढत होत्या. सगळ्यांच्या भरून झाल्या. सासूबाईंचा दरवाजा लोटलेला होता. मी उठले. पाय जड झाले होते, खोटं कशाला बोलू? मागं माझ्या माहेरच्या एक वयस्क बाई बसल्या होत्या आणि त्या काय म्हणतील ते मला माहीत होतं. तरी मी दरवाजा ठोठावला.

सासूबाई आत पलंगावर बसल्या होत्या. धूपछाव साडी नेसून. तयार होऊन, बोलावलं जाण्याची वाट पाहत.

मी त्यांचा हात धरून त्यांना बाहेर आणलं. पाटावर बसवलं. दोऱ्यांच्या डब्यातला रुमाल आधीच काढून ठेवला होता. त्यातल्या दोन बांगड्या, त्यांच्याच, मी माझ्या हातानं त्यांच्या हातात भरल्या. हात वाळले होते, बांगड्या सहज गेल्या. मागून हळू आवाजात कुणीतरी काहीतरी बोललं. लेकीनं मात्र मोठ्यानं म्हटलं, "आजी, आता हात दाखव बघू," आणि आपला भरलेला हात त्यांच्या हाताशेजारी ठेवला.

दुसऱ्या दिवशी हळद लागली. पहिल्या पाचजणींनंतर सासूबाई पुढं आल्या. आंब्याच्या पानानं नातीच्या गालाला हळद लावताना त्यांचा हात थरथरत होता. हिरवं पान, पिवळी हळद. थीम एकदम अचूक जमली, असं मी लेकीला नंतर सांगितलं. माझी मात्र तेव्हा काही बोलण्यासारखी स्थिती नव्हती.

सगळंच बदललं, असं मी म्हणणार नाही. वरात गेली, पाहुणे पांगले आणि रात्री सासूबाईंनी त्या दोन बांगड्या उतरवून पुन्हा रुमालात ठेवल्या. मी पाहिलं. मनातून खट्टू झाले. पण त्या म्हणाल्या, "कामाला अडतात गं," आणि रुमाल दोऱ्यांच्या डब्यात न ठेवता आरशापुढं ठेवला. पुढं भोजली आली की त्या दिवशी हातात बांगड्या दिसतात. इतर दिवशी नसतात. त्यांचा हात आहे, त्यांनी ठरवावं. आमचं काम दरवाजा ठोठावण्याचं होतं आणि ते करायला मी बारा वर्षं लावली.

संक्रांतीला हळदीकुंकवाच्या दिवशी तो दरवाजा उघडा होता. पलंगावर जुन्या साड्यांचे तुकडे पसरलेले होते. नातजावयाला म्हणे गोधडी द्यायची आहे.

परवा लेकीचा फोन आला. लग्नाचे फोटो एकत्र लावताना एका ठिकाणी ती अडली होती. "आई, आजीच्या साडीचा रंग नेमका कोणता गं? माझ्या पॅलेटमधल्या एकाही चौकोनाशी जुळत नाही, पण सगळ्या फोटोंत तोच सगळ्यात छान दिसतोय."

मी फोन तसाच धरून सासूबाईंना विचारलं. त्या पलंगावर बसून सुईत दोरा ओवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सालाच्या मुगाच्या डाळीचा. सांग तिला."